कुलगुरू कोण, यावर भांडतोय आपण. खुर्ची रिकामी असते तेव्हा विद्यापीठ कोण चालवतं?

टिपणवही (धागाकर्ता)

कुलगुरू प्राध्यापकच हवा की उद्योगातला, प्रशासनातला माणूसही चालेल, यावरून शेजारच्या धाग्यावर चांगलीच जुंपली आहे. निमित्त यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, जानेवारी २०२५ च्या मसुद्याचं. त्याआधी राज्यपाल मोठे की मंत्री मोठे, यावरही इथे असाच धुरळा उडाला होता. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारनं उच्च शिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करणारं विधेयक मंजूर करून घेतलं. सरकारनं दोन नावं पाठवायची आणि राज्यपालांनी त्यातूनच कुलगुरू निवडायचा, असंही त्यात होतं. राजभवनाची सही काही झाली नाही, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर नव्यांनी ते गुंडाळलं.

दोन्ही वाद आपापल्या जागी ठीक. पण राज्यातल्या विद्यापीठांचे गेल्या दहा वर्षांतले मोठे घोळ काढून बघितले तर मला एकच गोष्ट परत परत दिसते: निर्णय झाला तेव्हा तो अडवू शकणारी माणसं जागेवरच नव्हती. म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे, त्याआधी १९९४ चा कायदा होता. राज्यपाल पदसिद्ध कुलपती. शोध समिती किमान पाच नावं देते, कुलपती त्यातून कुलगुरू नेमतात. मुदत पाच वर्षं किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत, आणि फेरनियुक्ती नाही. कुलगुरूंच्या जोडीला अधिसभा म्हणजे आपली सिनेट, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद आणि खाली अभ्यास मंडळं. अधिसभेत प्राचार्यांतून १०, महाविद्यालयीन अध्यापकांतून १०, नोंदणीकृत पदवीधरांतून १० आणि संस्थाचालकांतून ६ जण निवडून येतात. बाकी अधिकारी, कुलपतींनी नेमलेले, आमदार वगैरे. अंदाजपत्रकाला मंजुरी अधिसभेची. रोजचा खरा कारभार मात्र व्यवस्थापन परिषदेचा. तिथे अधिसभेतल्या या चारही गटांतून प्रत्येकी दोघं निवडून जातात. म्हणजे अधिसभेची निवडणूक रखडली की व्यवस्थापन परिषदही लंगडी होते. हा दुवा फार लोकांच्या लक्षात येत नाही.

आता २०१७ चं मुंबई विद्यापीठ आठवा. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय झाला, बेंगळुरूच्या एका कंपनीला काम गेलं. तोपर्यंत उन्हाळी परीक्षा सुरूसुद्धा झाल्या होत्या. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. त्या स्कॅन व्हायच्या, बारकोडानं विद्यार्थ्याला जोडायच्या, आणि ज्यांनी आयुष्यभर लाल पेन चालवला त्या प्राध्यापकांनी आठवड्या-दोन आठवड्यांच्या तोंडओळखीवर त्या पडद्यावर तपासायच्या. कायदा सांगतो निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. तपासणीसाठी नागपूर-औरंगाबादच्या प्राध्यापकांना गळ घालावी लागली. शेवटचे निकाल लागायला सप्टेंबर उजाडला. २४ ऑक्टोबर २०१७ ला राज्यपाल विद्यासागर राव यांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. विद्यापीठाच्या १६० वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं.

इथवरची कथा सगळ्यांना पाठ आहे. ‘एका माणसाचा हट्ट’ म्हणून ती संपवली जाते. पण त्या वर्षी अधिसभा कुठे होती? आधीच्या अधिसभेची मुदत ३१ ऑगस्ट २०१५ ला संपली होती. नवा कायदा येणार म्हणून निवडणुका लांबवल्या गेल्या. कायदा आला मार्च २०१७ ला, आणि मुंबईत पदवीधरांची निवडणूक झाली मार्च २०१८ मध्ये. मधली अडीच वर्षं पदसिद्ध आणि नेमलेल्या मंडळींवर गाडा चालला. कंत्राट, घाई, गोंधळ, बडतर्फी, सगळं त्याच काळात उरकलं. सभागृहात उभं राहून ‘पुढच्या वर्षीपासून करा, एका विद्याशाखेपुरतं करून बघा’ म्हणायला निवडून आलेला एक माणूस नव्हता. असता तर घोळ टळलाच असता असा माझा दावा नाही. पण विचारणारं कुणी नव्हतं एवढं तर खरं ना?

बरं, त्यातून काही शिकलो का? २०१८ ला निवडून आलेल्यांची मुदत ३१ ऑगस्ट २०२२ ला संपली. पुढची पदवीधर निवडणूक सप्टेंबर २०२३ ला ठरली होती. ऑगस्टमध्ये मतदारयादीबद्दल तक्रार आली आणि एका रात्रीत परिपत्रक काढून ती थांबवली. मग २२ सप्टेंबर २०२४ ठरली, तीही दोन दिवस आधी शासनाच्या पत्रावरून थांबवली. शेवटी उच्च न्यायालयानं बडगा उगारला तेव्हा २४ तारखेला मतदान झालं. दहाही जागा युवासेनेच्या ठाकरे गटानं जिंकल्या. २०१८ लाही त्यांनीच दहा जिंकल्या होत्या, त्यामुळे कुणाला कशाची भीती होती ते आपापलं ओळखा.

वर आणखी एक. २०२२-२३ मध्ये मुंबई आणि पुणे, राज्यातली दोन सगळ्यात मोठी विद्यापीठं, दोन्हींना पूर्णवेळ कुलगुरू नव्हते. पुण्याचा कार्यभार लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे, मुंबईचा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे. जून २०२३ मध्ये दोन्हीकडे नेमणुका झाल्या. पुण्यानं वर्षाहून जास्त काळ ‘प्रभारी’ काढला.

तर मंडळी, प्रश्न असा: हा नुसता ढिसाळपणा आहे, की रिकामी खुर्ची ही कुणाच्या तरी सोयीचीच असते?

---

खडूफळा

दुसरं. डोळे झाकून दुसरं.

तुम्ही निवडणुकांवर बोललात, मी नेमणुकांवर बोलतो. १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख, डीन, निवडून यायचा. राजकारण व्हायचं, पार्ट्या व्हायच्या, सगळं मान्य. पण माणूस कुलगुरूंसमोर ताठ बसायचा, कारण त्याला मतं आमची होती. आता चार विद्याशाखा, चार पूर्णवेळ अधिष्ठाते, आणि त्यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली. प्र-कुलगुरूंचंही तेच. कुलगुरू गेले की हे सगळे गेले. नवे कुलगुरू येईपर्यंत प्रभारी, ते आल्यावर जाहिरात, मुलाखती, कुणीतरी न्यायालयात जातं, तोवर परत प्रभारी. आमच्याकडे एकेका सरांच्या दाराबाहेर तीन-तीन पाट्या असायच्या. कुठल्या पाटीच्या नावानं अर्ज लिहायचा ते शिपायाला विचारावं लागायचं.

आणि प्रभारी माणूस कधीच ‘नाही’ म्हणत नाही. त्याला मूळ जागी परत जायचं असतं, उगाच कुणाला दुखवून कसं चालेल? कागद यायचा अवकाश, सही तयार.

---

शाळू_भाकर

जरा वेगळा सूर लावतो, फटके मारा.

मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर होतो, सिनेटच्या निवडणुका आतून पाहिल्या आहेत. या निवडणुकीला लोकशाही म्हणून ओवाळायची काही गरज नाही. प्राचार्यांचं मत म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचं मत. अध्यापकांत संघटनेचं पॅनेल. कोल्हापुराकडे सुटा, मुंबईत बुक्टू, विदर्भात नुटा. पदवीधर गट तर सरळ पक्षांचा. पसंतीक्रमाचं मतदान असतं, एक-दोन-तीन असे आकडे घालायचे. कुणाला पहिली, कुणाला दुसरी हे चिठ्ठीवर लिहून येतं. मोजणी रात्रभर चालते, कोटा पूर्ण झाला की जादा मतं पुढच्याला. ते गणित येणारी पाचसहा माणसं प्रत्येक जिल्ह्यात असतात आणि खरे किंगमेकर तेच.

निवडून आल्यावर सभागृहात काय होतं? पहिला तास हरकतीच्या मुद्द्यांत, दुसरा स्थगन प्रस्तावावर, मग दारात घोषणा आणि पत्रकारांना फोटो. कोट्यवधींचं अंदाजपत्रक दुपारच्या जेवणानंतर जांभया देत मंजूर. ही सिनेट २०१७ ला असती तरी तो ऑनलाइनचा वरवंटा थांबला असता असं मला वाटत नाही.

---

टिपणवही

शाळूभाऊ, फटके कशाला, यातलं बरंचसं खरंच आहे. पण एक सांगा, दारात घोषणा झाल्या म्हणून तरी दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं ना? २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत तेही झालं नाही. जूनमध्ये निकाल लागेनात तेव्हा कुठे बहुतेकांचं तिकडे लक्ष गेलं. आरडाओरड हीसुद्धा सूचना असते. जांभया देत का होईना, कुलगुरूंना अडीचशे पानांचं अंदाजपत्रक घेऊन शंभर लोकांसमोर उभं राहावं लागतं. ते उभं राहणंच बंद झालं तर?

---

कागदकाळे

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. एका विद्यापीठात सभा विभागात हयात गेली, कुठलं ते विचारू नका. टिपणवही सर, तुम्ही निवडणुकांचं बरोबर लिहिलंत, पण सत्ता कागदावर कशी फिरते ते सांगतो.

व्यवस्थापन परिषदेची विषयपत्रिका बघितली आहे कुणी? पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. दुसरा, कार्यपूर्ती अहवाल. मग मधले विषय, संलग्नता, बांधकाम, कर्मचाऱ्यांची प्रकरणं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. खरा माल तिथे असतो. टिपणी सभेच्या आदल्या संध्याकाळी तयार होते. कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव अशी एका दिवसात वर चढते, एरवी हाच प्रवास महिनाभर चालतो. सदस्यांच्या हातात कागद पडतो तो चहाबरोबर. वाचायचा कधी?

दुसरं हत्यार म्हणजे बारा-सात. कलम १२(७). तातडीची निकड असेल तर कुलगुरू एखाद्या प्राधिकरणाच्या वतीनं स्वतः कार्यवाही करू शकतात, नंतर त्या प्राधिकरणाला कळवायचं. जुन्या कायद्यात हेच चौदा-सात होतं, जुने लोक अजून चौदा-सातच म्हणतात. कलम आवश्यकच आहे. पूर आला, पेपर फुटला, तर सभा बोलावत बसायचं का? पण परिषद पूर्ण भरलेली असली की कुलगुरू बारा-सात जपून वापरतात, कारण पुढच्या सभेत कुणीतरी विचारणार, ‘निकड काय होती?’ परिषद अर्धी रिकामी असली की विषयपत्रिकेत एकच ओळ येते, ‘कलम १२(७) अन्वये केलेल्या कार्यवाहीची नोंद घेणे’, आणि खाली वीस-बावीस प्रकरणांची यादी. ‘नोंद घेण्यात आली’ म्हणून पुढे. मी स्वतः टंकली आहेत अशी इतिवृत्तं.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: सोय कुणा एकाची नसते, सगळ्यांची थोडीथोडी असते. शासनाला पत्र पाठवलं की काम होतं, कुलगुरूंना सभेत ऐकून घ्यावं लागत नाही, आणि आम्हा अधिकाऱ्यांनाही, खरं सांगतो, प्रश्नोत्तरांच्या तासाची तयारी करावी लागत नाही.

---

नुसती_वाचक

कागदकाळे काका, हा प्रतिसाद कुठेतरी जपून ठेवण्यासारखा आहे. अजून लिहा.

---

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही लोक अधिसभा न् परिषद घेऊन बसले. आमच्या इकडे विभागात शिकवायलाच माणूस नाही, त्या रिकाम्या खुर्च्यांचं काय?

कायद्याचं आठवं कलम वाचा. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठ एक पद निर्माण करू शकत नाही, पगारभत्ते ठरवू शकत नाही. माणूस निवृत्त झाला की जागा भरायलाही शासनाची परवानगी पाहिजे. वित्त विभाग कधी बंदी घालतो, कधी आकृतिबंध (पदांचा आराखडा) मागतो, कधी बिंदूनामावली (आरक्षणाची नोंदवही) परत पाठवतो. कुलगुरूंना नॅकचा, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा, दर्जा पाहिजे, नॅकवाले पूर्णवेळ प्राध्यापक मोजतात, आणि प्राध्यापक द्यायचे की नाही हे मंत्रालय ठरवतं. मग तासिका तत्त्वावरचे पोट्टे-पोट्ट्या विभाग चालवतात. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ ला नागपुरातून वेगळं निघालं, तेव्हा कौतुक किती होतं! जंगलातल्या पोरांना पाचसहा तासांचा प्रवास करून नागपूरला यावं लागणार नाही म्हणून. विद्यापीठ मिळालं, पण पदांसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणं काही चुकलं नाही.

नवीन कॉलेजचंही तसंच आहे. विद्यापीठानं बृहत् आराखडा करायचा, कुठे गरज ते ठरवायचं, अर्जांची छाननी करायची. इरादापत्र शेवटी देणार शासन. मग आराखड्यात नसलेल्या गावात कॉलेज कसं उगवतं, हे आमदारांना विचारा, कुलगुरूंना नको.

---

मिशिगनचा_मध्या

इकडची गंमत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल.

मिशिगन विद्यापीठ हे राज्याचं विद्यापीठ. त्याचं नियामक मंडळ आठ जणांचं, त्यांना रीजंट म्हणतात. आणि ते आठही जण राज्यभरातल्या सामान्य मतदारांनी निवडून दिलेले! पदवीधरच हवा असं काही नाही. मुदत आठ वर्षं, दर दोन वर्षांनी दोघं बदलतात, त्यामुळे मंडळ एकदम कधीच रिकामं होत नाही. मध्ये एखादी जागा सुटली तर राज्याचे गव्हर्नर नेमणूक करतात. मानधन नाही. उमेदवारी चक्क राजकीय पक्ष देतात, म्हणजे पक्षीय राजकारण इथेही आहेच, शाळू_भाकर यांनी नाक मुरडायचं कारण नाही. विद्यापीठाचा अध्यक्ष, म्हणजे आपला कुलगुरू समजा, हे मंडळ नेमतं आणि काढतंही. जानेवारी २०२२ मध्ये या मंडळानं आपल्या अध्यक्षांना तडकाफडकी काढलं, आणि माजी अध्यक्षबाईंना हंगामी म्हणून बोलावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवे अध्यक्ष आले.

म्हणजे प्रभारी इकडेही असतात. फरक एवढाच की प्रभारी असताना वरचं मंडळ शाबूत होतं, निवड करणारे आणि जाब विचारणारे तेच. तुमच्याकडे दोन्ही मजले एकाच वेळी रिकामे होतात, हे वाचून चाट पडलो.

---

खडूफळा

मध्या, दर दोन वर्षांनी थोडे थोडे बदलायची ही युक्ती भारी आहे. आपल्याकडे सगळ्या प्राधिकरणांची मुदत एकाच ३१ ऑगस्टला संपते. राज्यसभेला जे जमतं ते विद्यापीठाला का जमू नये?

---

चिंतामणराव_नाही

अवांतर आहे, पण शेजारच्या धाग्यावरचं इथे लिहितो, तिथे आता शिवीगाळ चालू आहे.

‘प्राध्यापक नसलेला कुलगुरू म्हणजे बुडालं विद्यापीठ’ म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघावं. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग, १८९२, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. पुणे विद्यापीठ १९४९ ला सुरू झालं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. दोघांचीही ओळख कायद्याच्या क्षेत्रातली. जयकरांच्या नावानं आजही तिथलं ग्रंथालय आहे.

---

टिपणवही

चिंतामणराव (नाही), दाखले बिनतोड, पण काळ बघा. जयकरांच्या पुणे विद्यापीठाच्या हद्दीत १२ जिल्हे होते तरी महाविद्यालयं सुरुवातीला १८. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीनच जिल्हे आहेत आणि महाविद्यालयं सातशेहून अधिक. जयकर वकील होते की प्राध्यापक यानं फारसं बिघडलं नाही, कारण चालवायचा पसाराच आटोपशीर होता. आजचा कुलगुरू वर्षातला निम्मा वेळ परीक्षा, संलग्नता आणि कोर्टकचेऱ्यांत घालवतो. तिथे उद्योगातला माणूस आला काय आणि भौतिकशास्त्रातला आला काय, हाताखाली कुलसचिव प्रभारी, परीक्षा संचालक प्रभारी, परिषद अर्धी, पदं गोठलेली. तो करणार काय?

यूजीसीच्या मसुद्यावर माझा आक्षेप आहेच, पण तो पात्रतेवर कमी आणि शोध समितीवर जास्त. कुलपतींचा एक, यूजीसीचा एक, विद्यापीठाचा एक. राज्य सरकार पगार देणार आणि निवडीत त्याला आवाज नाही, हे टिकणार कसं? सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये केरळच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द केली, कारण समितीनं एकच नाव पाठवलं होतं आणि समितीही यूजीसीच्या नियमांप्रमाणे नव्हती. त्यानंतर आपल्याकडेही शोध समितीत यूजीसीचा माणूस घ्यायला कायदा दुरुस्त करावा लागला. या सगळ्या खेचाखेचीत महिने जातात, आणि ते महिने प्रभारींचे असतात.

---

ठाणे_फास्ट

विद्यार्थ्यांच्या खुर्चीचं कुणीच बोललं नाही.

१९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, पुढे १९९४ च्या कायद्यानं महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आणल्या. विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव अधिसभेवर, अध्यक्षाला व्यवस्थापन परिषदेलाही बोलवायचं. कागदावर छान. २०१९ ला वेळापत्रक आलं, विधानसभा निवडणूक आहे म्हणून थांबवलं, मग कोविड, मग काय झालं देव जाणे. १७ लाख उत्तरपत्रिका ज्यांच्या, त्यांचा खुल्या निवडणुकीतून आलेला एकही प्रतिनिधी २०१६ च्या कायद्यानंतर त्या सभागृहात बसलेला नाही. बाकी सगळ्यांच्या खुर्च्या मधूनमधून रिकाम्या होतात, ही सततचीच.

---

शाळू_भाकर

ठाणे_फास्ट यांना अनुमोदन. आणि माझ्या आधीच्या प्रतिसादातून निवडणुकाच नकोत असा अर्थ कुणी काढला असेल तर तसा नाही. माझं म्हणणं, मतदार वाढवा. मुंबईच्या २०२४ च्या यादीत पदवीधर मतदार होते सुमारे १३ हजार. सात जिल्हे, पालघर ते सिंधुदुर्ग, लाखांनी पदवीधर, आणि १३ हजार! त्यातही मतदान निम्म्याच्या थोडं वर. एवढ्या लहान यादीत जो पक्ष शाखाशाखांतून अर्ज भरून घेईल तोच दहा जागा नेणार. मग समोरचा पक्ष यादीवर तक्रार करणार, निवडणूक थांबणार. चक्र तिथून सुरू होतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

शाळूभाऊ, आता बोलले तुम्ही कामाचं!

---

नुसती_वाचक

मला एक अगदी बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. मी बीकॉम आहे, मुलगी आता त्याच विद्यापीठात शिकते. मला मत आहे? आजवर कुणी विचारलंच नाही. मला वाटायचं सिनेट म्हणजे प्राध्यापकांचं काहीतरी असतं.

---

कागदकाळे

ताई, यात हसण्यासारखं काय? मत आहे, पण ते आपोआप मिळत नाही. विधानसभेच्या यादीत नाव असून इथे चालत नाही. विद्यापीठ निवडणुकीआधी नोंदणीची सूचना काढतं, आता बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावर अर्ज भरायचा असतो. तुम्ही त्या विद्यापीठाच्या पदवीधर हव्यात आणि राहायला त्याच्या हद्दीत हव्यात. पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. सूचना एखाद्या दैनिकाच्या आतल्या पानावर येते, तेव्हा लक्ष ठेवा. मागच्या वेळी नोंदणी केली असेल तरी तपासा, कारण यादी नव्यानं करतात तेव्हा जुनी नावं गळतात. मुंबईत तसंच झालं, जुन्या यादीतले हजारो जण परत आलेच नाहीत.

तुमच्यासारख्यांचे अर्ज सगळ्यात जास्त कुठे अडतात सांगू? पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा. छाननीच्या टेबलावर आम्ही अशा अर्जांचा वेगळा गठ्ठा करायचो, आणि मुदत संपली की तो गठ्ठा तसाच कपाटात जायचा.

---

नुसती_वाचक

अहो काका, पदवी प्रमाणपत्रच घेतलेलं नाही मी! नोकरीला गुणपत्रिका चालली, दीक्षान्त समारंभाला कोण जाणार म्हणून राहिलं ते राहिलंच.

---

कागदकाळे

मग आधी तेच मागवा. परीक्षा विभागात दीक्षान्त कक्ष असतो, तिथे अर्ज, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि विलंब शुल्क. कक्षाधिकाऱ्याची जागा रिकामी नसेल तर मिळून जाईल.

---

ठाणे_फास्ट

शेवटच्या वाक्याला टाळ्या 😄 ताई, मुलीलाही सांगा, पदवी हातात पडली की लगेच नोंदणी कर म्हणावं. आताच्या अधिसभेची मुदत २०२७ मध्ये संपतेय, आणि आपल्याकडची तारीख कधी पुढे जाईल ते न्यायालयालाही आदल्या रात्रीच कळतं.